गुऱ्हाळवाल्या घराचं चित्र : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

काल भाऊबीज झाली, आज काम ठरलं. पन्हाळा रस्त्याच्या आतलं गाव, ऊस-गुळाचं जुनं घर. कॅनव्हास चार फूट बाय पाच फूट, तैलरंग, माणसं नऊ. आजी, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं हयात. नववे आजोबा, ते जाऊन वीस वर्षं झाली. थोरला नातू बंगळुरूला नोकरी करतो, तो नाताळच्या सुट्टीत येणार, तेव्हाच त्याला बसवून घ्यायचं. चित्र गुढीपाडव्याला सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, लागलं पाहिजे.

एक तृतीयांश रक्कम आगाऊ मिळाली. दुसरा हप्ता चेहरे पसंत पडल्यावर, बाकी चित्र पोचवताना. पसंती कुणाची धरायची हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, कारण नऊ माणसांच्या चित्राला नऊ परीक्षक असतात आणि वर शेजारीपाजारी. थोरले दादा म्हणाले, ‘आई म्हणेल ते.’ तेवढं वहीत त्यांच्यासमोरच लिहिलं.

या कामाच्या काळातही सकाळचे दोन-अडीच तास बाहेरच काढणार आहे. घर पोर्ट्रेटवर चालतं. लँडस्केप विकलं तर विकलं, नाहीतर माळ्यावर. पण मोठं कुटुंबचित्र हातात घेऊन बाहेर जाणं बंद केलं की पॅलेटवर तोच तपकिरी रंग गोल गोल फिरायला लागतो. सगळ्यांच्या सावल्या एकाच बर्न्ट अंबरच्या होतात. म्हणून सकाळी छोटे बोर्ड, आठ बाय दहा इंचाचे, आणि दहानंतर स्टुडिओ.

९ नोव्हेंबर

आजोबांचे दोनच फोटो सापडले. एक साखर कारखान्याच्या सभासद ओळखपत्रावरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, अर्धा गाल शिक्क्याखाली. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला कृष्णधवल. मांडवात उभे, डोक्याला फेटा, तोंडावर फ्लॅश. फ्लॅश समोरून पडला की नाकाची सावली जाते, भुवईखालचा खड्डा भरून निघतो आणि गालाचं हाड कुठे वळतं ते समजत नाही. म्हणजे डोळे, नाक, तोंड जागच्या जागी आहेत, पण डोक्याला खोली नाही. असल्या फोटोवर चौकोन आखून कितीही नेमकं मोठं केलं तरी हाती येतो तो एक सपाट, घाबरलेला माणूस.

कोल्हापुरात या कामाला तोटा नाही. पतसंस्था, दूध संस्था, शिक्षण संस्था, तालमी, प्रत्येक हॉलमध्ये एक तरी संस्थापक भिंतीवर असतातच, आणि निम्मे तरी मेल्यानंतर ओळखपत्रावरून केलेले. आता त्यात आधार कार्डाची भर पडली. त्या फोटोत तर जिवंत माणूससुद्धा गेल्यासारखा दिसतो. शिवाय कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून ब्रशने जेल फिरवलेली ‘ऑइल पेंटिंग्ज’ निम्म्या दरात मिळतात. लांबून ब्रशचे फटकारे दिसतात, पण ते कानावरून सुरू होऊन सरळ भिंतीवर जातात. ज्याने डोकं गोल आहे हे हाताने कधी तपासलेलं नाही त्याचं ते काम.

खरा पेच वयाचा. फोटोत आजोबा पंचेचाळिशीचे, आजी आज त्र्याऐंशीच्या. शेजारी बसवले तर मायलेक दिसतील. थोरले दादा म्हणतात बसवाच. धाकट्यांचं म्हणणं, आईच्या हातात तसबीर द्या. थोरल्या वहिनी म्हणाल्या, हार घातलेला फोटो मागे भिंतीवर दाखवा. मधल्या नातीने एका ॲपमधून आजोबांना म्हातारं करून व्हॉट्सॲपवर पाठवलं. चेहरा छान गुळगुळीत आलाय, कुणातरी निवृत्त तलाठ्याचा.

मी अजून काहीच बोलले नाही. आजी काय म्हणतात ते आधी ऐकायचं.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगा घाटावर. गर्दी एवढी की ईझल उघडायचा विचारच सोडला. वही, चारकोल आणि पेस्टलच्या चार कांड्या. पायऱ्यांवर पणत्या, रांगोळ्या, पाण्यालगतच्या देवळांवर दिवे. सगळे मोबाइल पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे वळलेले होते. मी वाती सारणाऱ्या बायकांचे चेहरे बघत बसले.

उजेड खालून आला की चेहऱ्याचा हिशेब उलटा होतो. हनुवटीखालचा भाग, नाकपुड्या, भुवईची खालची बाजू उजळते आणि एरवी उजळ असणारं कपाळ अंधारात जातं. ओळखीची बाई ओळखू येत नाही. सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा धरलेल्या बाईचं चित्र आठवलं. ते रविवर्म्याचं आहे असं मानणारी मंडळी अजून भेटतात, आणि ते जलरंगात आहे हे सांगितलं की विश्वास ठेवत नाहीत. दिव्याच्या आडोशाला धरलेल्या हाताची बोटं कडेला लाल झालीत, उजेड कातडीतून आरपार आल्यासारखा. त्या चित्रासाठी त्यांनी आपल्या मुलीलाच, गीताला, उभं केलं होतं. माझी लेक अर्धा तास उभी राहायचे पैसे मागते.

वहीत चार-पाच डोकी आली. रंग तिथे लावले नाहीत, नुसते लिहून ठेवले.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं, आज आजींची पहिली बैठक. डाव्या तर्जनीला नखापासून खालपर्यंत शाईची रेघ. ही शाई काल जांभळट असणार, आज काळी पडलीय. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते उजेडात काळं होतं आणि नख वाढून निघून जाईपर्यंत हटत नाही. हाताचा अभ्यास करताना ती रेघ घातली. धाकट्या वहिनींनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, तेवढं काढून टाका, डाग वाटतोय.’ आजी म्हणाल्या, ‘असू दे. मत टाकल्याबिगर आल्याली न्हाई कवा.’ रेघ राहणार.

आजी बसतात उत्तम. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना मॉडेल म्हणून बसवलं की ती हळूहळू खचत जातात आणि खांदे खाली येतात. आजी उसाच्या फडात वाढलेल्या, पाठ ताठ. तोंड मात्र सतत चालू. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा, आता बोलणाऱ्या माणसाचंच चित्र काढायला आवडतं. गप्प बसवलेला चेहरा पासपोर्टचा होतो.

आजोबांना कुठे बसवू म्हणून विचारलं.

‘शेजारी? ते कवा बसल्यात माझ्या शेजारी? लगनात बसलं असतील तेवढंच.’

‘मग कुठं असायचे?’

‘उंबऱ्यात. पाय राडीचं, आत कसं येणार? तिथनंच हाक. नाव न्हाई घेतलं कवा, नुसतं ए म्हणायचं. एक हात हितं वर चौकटीला.’ आणि हात वर करून दाखवला.

सोप्याचं दार त्यांच्या मागेच आहे. उजवीकडून चौकातला मऊ उजेड, मागून दारातला कडक. दोन्ही मी तासभर बघत होते आणि मागचा कसा टाळावा याचाच विचार चालला होता, तो आता उपयोगी पडला. दारात पाठीमागून ऊन असलेला माणूस: तोंड सावलीत, कडा उजळ. वयाचा पेच सुटला, कारण सावलीतल्या चेहऱ्याला पंचेचाळीस की पंच्याहत्तर हे कुणी विचारत नाही. फोटोत जे नाही ते मला खोटं रचावंही लागणार नाही. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझने १६५६ मध्ये ‘लास मेनिनास’मध्ये मागच्या दारात, पायऱ्यांवर, राणीचा कारभारी उभा केला आहे. एवढासा माणूस, चेहरा दोन-तीन ठिपक्यांचा, तरी सगळ्या खोलीला तोच हवा देतो. आपल्याकडच्या कुटुंबचित्रात दार कुणी उघडं ठेवत नाही. मखमली पडदा नाहीतर निळसर ढग, फोटो स्टुडिओची सवय.

घरी जाताना थोरल्या दादांना सांगितलं. ‘आई म्हणेल ते’ हे त्यांचंच वाक्य होतं, त्यामुळे मान हलवली. खूश दिसले नाहीत.

२ डिसेंबर

कॅनव्हास ताणून, साइझ करून (कापडाने तेल शोषू नये म्हणून), जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, हात झाले. वाळल्यावर घासून घेतला. वर पातळ रॉ अंबर आणि टर्पेंटाइनची मळवणी, म्हणजे तपकिरी रंगाचा पहिला पातळ थर. अंबर मुद्दाम, त्यात मँगनीज असल्यामुळे ते लवकर सुकतं आणि खालचा थर लवकर सुकला पाहिजे. वर तेलाचं प्रमाण वाढत जायचं, खाली कमी. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो आणि चार वर्षांत आजींच्या गालाला भेग.

आज ढगाळ. बाहेर गेले नाही.

९ डिसेंबर

त्यांच्याच गुऱ्हाळावर सकाळी सात वाजता. चुलवाण पहाटेपासून पेटलेलं. मला दारातल्या माणसाचा उजेड शिकून घ्यायचा होता आणि गुऱ्हाळाचं पत्र्याचं शेड पूर्वेला उघडं आहे. म्हणजे काहिलीपलीकडे, रस उकळायच्या मोठ्या कढईपलीकडे, जो उभा राहील तो आपोआप माझ्यासाठी दारातला माणूस.

धुराची गंमत आधी. वाळलेल्या चिपाडांचा धूर शेडच्या काळ्या आढ्यासमोर निळा दिसतो. तोच धूर धुराड्यातून बाहेर पडून आभाळासमोर गेला की तांबूस-तपकिरी. धूर एकच, मागचा पडदा बदलतो. काहिलीतली वाफ वेगळी, ती अंधारासमोर पांढरीफेक आणि उन्हाच्या दारासमोर चक्क राखाडी, दारापेक्षा गडद. नवखा चित्रकार वाफ म्हटली की सगळीकडे पांढरा फासतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या इंटरमिजिएटच्या पोरांना मी हे दहादा सांगते आणि ती दहादा पांढरा फासतात, कारण त्यांना वाफ पांढरी असते हे माहीत असतं.

गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, दारात उभा होता. एका हातात लांब दांड्याचं फावडं, दुसरा हात कमरेवर. मध्येच भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी काढत होता. समोरून बघितलं तर पहिल्या क्षणी नुसती काळी आकृती. मोबाइलने फोटो काढला तर तोही तसाच: दार पांढरं फक्क, माणूस कोळसा. डोळा मात्र थांबला की सावलीत शिरतो. दोन मिनिटांनी त्या काळ्यात रंग दिसायला लागले. गालाची वरची बाजू, कपाळ, खांद्याचा माथा निळसर, आभाळाचा. जबड्याखाली आणि नाकाखाली केशरी, कारण पुढ्यात उकळता रस आणि जमिनीवर पिवळ्या चिपाडांचा थर, त्यावरून उजेड उडून वर येतो. धोतर पांढरं, पण दारापुढे ते दारापेक्षा तीन पायऱ्या खाली: करडं-जांभळं. आणि कान. पाठीमागून ऊन असल्यामुळे दोन्ही कानांच्या पाळ्या लाल पेटलेल्या. संपूर्ण सावलीतल्या चेहऱ्यात शुद्ध, तीव्र रंग फक्त तिथे.

बोर्डवर हे सगळं चाळीस मिनिटांत घालावं लागलं, नंतर ऊन वर चढलं आणि आकृती सपाट झाली. मिश्रण लिहून ठेवते: चेहऱ्याची सावली लाइट रेड + अल्ट्रामरीन, पांढरा अगदी कमी, वरच्या बाजूला त्यातच कोबाल्टचा कण, जबड्याखाली यलो ऑकर आणि कॅडमियम ऑरेंज, पण टोन, म्हणजे उजेड-अंधाराची पायरी, तोच राखून. टोन चढवला की माणूस दारातून उचलून पुढे आणून ठेवल्यासारखा होतो. कानाला ॲलिझरिन आणि थोडं ऑरेंज, एकाच फटक्यात, परत हात लावायचा नाही.

गुळव्याने रस चमच्याने पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघितली, ओरडला, आणि मग मला बाजूला व्हावं लागलं. काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या खळग्यात, ओतताना तिथे चित्रकाराचं काही काम नसतं. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरेपर्यंत मी काकवी चाटत बसले.

१४ डिसेंबर

दहा ते पाच सुनांचे चेहरे. विशेष काही नाही. थोरल्या वहिनींना नथ हवी, धाकट्यांना नको. दोघींचं बरोबर आहे.

२७ डिसेंबर

बंगळुरूचा नातू आला, सगळे एकत्र बसले. असं एकत्र बसणं एकदाच मिळतं, म्हणून आज चेहरे केलेच नाहीत, फक्त कोण कुठे आणि कुणाचं डोकं कुणाच्या वर. ओळीत बसवलं की शाळेचा वर्गफोटो. त्रिकोणात बसवलं की कॅलेंडर. शेवटी आजी थोड्या डावीकडे, मध्यापासून सरकलेल्या, म्हणजे त्यांच्या उजव्या खांद्यावरून दार दिसतं. धाकटा नातू जमिनीवर. नातवाच्या हातातला मोबाइल काढायला सांगणार होते, पण तो बोटांनी नुसता धरून बसला होता आणि हात छान सैल पडले होते. मोबाइल न दाखवता हात तसेच घेतले.

सुना उभ्या राहणार की बसणार यावरून अर्धा तास गेला. घरात पाहुणे असताना आम्ही बसत नाही, असं थोरल्या वहिनी. इथे पाहुणे कुठे आहेत, तर म्हणे जे चित्र बघायला येतील ते. हा मुद्दा मला भारी वाटला. पण पाच फुटांच्या कॅनव्हासमध्ये चार माणसं उभी राहिली तर दाराला जागाच उरत नाही. दोघी बसल्या. थोरल्या वहिनी खुर्चीच्या कडेला बसल्यात, आत्ता उठतील अशा. तेही तसंच घेतलं.

दारात आजोबांच्या जागी धाकट्यांना उभं केलं, हात चौकटीला. आजी वळून बघतात आणि म्हणतात, ‘खांदं तेच हाईत.’ थोरल्या दादांनी यावर काही म्हटलं नाही.

१० जानेवारी २०२५

हात, हात आणि हात. माझं असं मत की कुटुंबचित्रात निम्मं साम्य हातात असतं, पण पसंतीच्या वेळी हातांकडे कुणी बघत नाही. आजींच्या हिरव्या बांगड्या नाहीत, एक सोन्याची पातळ बांगडी आहे, मनगटाला घासून घासून चपटी झालेली. तिची चमक एका ठिकाणीच ठेवली. शाईची रेघ खऱ्या बोटावरून आता निम्मी सरकली आहे. चित्रात पूर्ण आहे.

पांढऱ्याच्या थरांना वाळायला वेळ लागतोय, टायटॅनियम व्हाइट जवसाच्या तेलात सावकाशच सुकतो. त्यामुळे दोन दिवस रंकाळ्यावर. संध्यामठाची बाजू, सकाळचं धुकं. तिथे काम करताना आबालाल रहिमानांची आठवण टाळणं अवघड. जे. जे.मध्ये शिकून आलेला, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार, पण जीव रमला तो कोटितीर्थाच्या काठी झोपडीत, पाणी आणि झाडं रंगवण्यात. १९३१ मध्ये गेले. त्यांच्या लहान आकाराच्या निसर्गचित्रांत पाण्यालगतच्या सावलीत काळा रंग मला तरी दिसत नाही. याच गावात चंद्रकांत मांढरे सिनेमात काम करत आणि उरलेल्या वेळात पेस्टलमध्ये निसर्ग रंगवत. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात मी पोरांना दरवर्षी नेते. पोट एका कामावर आणि डोळा दुसऱ्या, ही या गावातली जुनी रीत आहे. त्यात मला दुःख वगैरे काही वाटत नाही. उलट नुसती लँडस्केप करणारे काही मित्र पावसाळ्यात फार चिडचिडे होतात.

२ फेब्रुवारी

अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीचे किरण देवळाच्या दारांतून आत येत पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर, असं वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि आत्ता. हवेत धूळ-बाष्प जास्त असलं किंवा वाटेत बांधकामाचा अडथळा आला तर किरण मध्येच क्षीण होतात. मी आत गेले नाही, महाद्वाराच्या बाहेर रस्त्यावर उभी राहून उजेड आत जाताना बघितला. लांबून आलेला आडवा उजेड जमिनीवर पडला की ती जमीनच दिवा होते. आजूबाजूच्या माणसांच्या हनुवट्या खालून उजळतात. गुऱ्हाळावर चिपाडांनी जे केलं तेच इथे फरशी करत होती.

त्यावरून ठरलं: सोप्यात शेणाने सारवलेली जमीन आहे, दारातून आत आलेला उन्हाचा पट्टा तिच्यावर पडेल आणि त्या पट्ट्याचा परतलेला उजेड आजोबांच्या तोंडावर जाईल. सारवलेल्या जमिनीवरून येणारा उजेड फरशीसारखा पिवळा नसेल, हिरवट करडा असेल. उद्या जाऊन बघायचा.

१२ फेब्रुवारी

बघून आले होते, खरंच हिरवट. जबड्याखाली ऑरेंजऐवजी ऑकरमध्ये व्हिरिडियनचा कण. आज आजोबा सकाळी दहा ते चार एका बैठकीत, ओल्यात ओलं, म्हणजे खालचा रंग वाळायच्या आतच वरचा. ओळखपत्राचा फोटो फक्त तीन गोष्टींसाठी जवळ ठेवला: नाक आणि वरचा ओठ यांतलं अंतर, भुवयांचा उतार, कान. कान मोठे आहेत, वरून थोडे पुढे आलेले. लग्नातल्या फोटोत फेट्याखाली दडलेले, ओळखपत्रात उघडे. ॲलिझरिन, ऑरेंज, एकेक फटका. डोळे काढलेच नाहीत, भुवईखाली नुसती खोल जागा.

२४ फेब्रुवारी

पसंतीचा दिवस. चित्र स्टुडिओतच, उत्तरेच्या खिडकीकडे वळवून ठेवलं. सगळे आले, बंगळुरूवाला व्हिडिओ कॉलवर.

पाच मिनिटं सगळे स्वतःलाच बघत होते. हे नेहमीचं. ‘मी एवढी जाड आहे?’ हेही नेहमीचं. मग थोरले दादा म्हणाले, ‘बाबांचं तोंड दिसत नाही. एवढे पैसे घालून तोंडच दिसत नसेल तर लोक काय म्हणतील? कारखान्यावरची माणसं येतात घरी, त्यांना ओळखू नको?’

त्यांचं चुकीचं नव्हतं. त्यांना वडील भिंतीवर हवे होते, संस्थापकासारखे. ती अपेक्षा या गावातल्या प्रत्येक हॉलने त्यांच्या मनात घातलेली आहे. मी म्हटलं, गालाचा टोन एक पायरी वर आणते, त्यापुढे गेले तर दार मरेल. व्हिडिओवरून नातू म्हणाला, ‘कान बघ ना पप्पा, ते आजोबाच आहेत.’ मग सगळ्यांनी एकमेकांचे कान बघितले. थोरल्यांचे आणि नातवाचे तसेच आहेत, धाकट्यांचे नाहीत.

आजी खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, ‘पाय बघ की, राडीचं हाईत का?’ पायांना चिखल नव्हता, मी घातलाच नव्हता. तिथेच पॅलेट काढून रॉ अंबर आणि ऑकरने घोट्यापर्यंत घातला. ‘मग बराबर हाय. आता आत येत न्हाईत.’

दुसरा हप्ता मिळाला. थोरल्या दादांसाठी वेगळं काम ठरलं: अठरा बाय चोवीस, आजोबांचं छातीपर्यंतचं, समोरून उजेड, फेटा, तोंड स्पष्ट. त्याचे पैसे वेगळे. मला ते करायला कमी मजा येणार, पण त्यांच्या ऑफिसात तेच योग्य दिसेल.

१० मार्च

सही खाली उजवीकडे, जमिनीच्या रंगातच. मागच्या बाजूला कॅनव्हासवर साल, आकार, माध्यम. सागवानी पट्टीची फ्रेम, सोनेरी नको म्हणून बरंच बोलावं लागलं.

व्हार्निश आत्ता नाही. जाड थर आतून वाळायला सहा महिने तरी हवेत. आजच लावलं तर आतलं तेल अडकून राहील. दिवाळीनंतर जाऊन लावते असं लिहून दिलं. फ्रेमवाला म्हणतो, सगळे लगेच लावतात. लावू देत.

२९ मार्च

उद्या पाडवा. टेम्पोतून चित्र नेलं, दोन गाद्यांमध्ये उभं करून. सोप्यात ज्या भिंतीवर खिळे आधीच मारून ठेवले होते ती नेमकी दारासमोरची, त्यामुळे सकाळी अख्ख्या कॅनव्हासवर चकाकी. आडव्या भिंतीवर हलवलं, वरची बाजू दीड इंच पुढे झुकवली, मग चकाकी जमिनीकडे गेली. चित्रातलं दार आणि खरं दार आता काटकोनात आहेत.

बाकी रक्कम चेकने. धाकट्या वहिनींनी गुऱ्हाळाच्या छोट्या बोर्डची किंमत विचारली, ऐकली, आणि ‘एवढ्याशाला?’ म्हणाल्या. मी तो परत घेऊन आले. जूनमध्ये शाहू स्मारक भवनात लावायच्या चित्रांत तो आहे.

निघताना दहा किलोचा गुळाचा रवा गाडीत ठेवला गेला.

सोमवारपासून दूध संस्थेच्या संस्थापकांचं तीस बाय चाळीस. फोटो आलाय, गॉगल घातलेला. दुसरा मागितलाय. आणि पन्हाळ्यावर एप्रिलचं ऊन कडक व्हायच्या आत पाटीभर छोटे बोर्ड प्राइम करून ठेवायचे आहेत, तेही याच आठवड्यात.